जिवाणू कुठे संपतो, पाणी कुठे सुरू होतं: मार्कोव्ह ब्लँकेट काढायची आणि तपासायची रीत

मार्कोव्ह ब्लँकेट काढायला बसलं की बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला पेशीभोवती एक गोल काढतात. आत जिवाणू, बाहेर पाणी, मधलं पेशीपटल म्हणजे ब्लँकेट. पुढची सगळी आकडेमोड त्या गोलाला दुजोरा मिळवण्यासाठी होते. हे आधी कळस मग पाया झालं. ब्लँकेट म्हणजे पटल नव्हे, कातडी नव्हे, भिंतही नव्हे. ब्लँकेट हा मोजता येणाऱ्या चलांचा संच असतो. त्या संचाच्या किमती कळल्या की बाहेरची कितीही माहिती आणून दिली तरी आतल्याबद्दलचा अंदाज सुधारत नाही, आणि आतली माहिती दिली तरी बाहेरच्याबद्दलचा सुधारत नाही. पटल या कसोटीला उतरतं की नाही, ते तपासूनच ठरवावं लागतं. कधी उतरतं, कधी उतरत नाही.

इथे सगळी रीत एकाच जिवावर करून दाखवली आहे: अस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या दिशेने पोहत जाणारा ई. कोलाय जिवाणू. वास लागण्यापासून पोहण्यापर्यंतची त्याची साखळी मोजक्या प्रथिनांची आहे आणि तिची जवळजवळ प्रत्येक कडी प्रयोगशाळेत मोजली गेली आहे. शिकायला मेंदू घेऊ नका. मेंदूत चूक झाली तर ती आकृतीत झाली, मोजमापात झाली की हिशेबात, हे कळायला मार्ग राहत नाही.

## आधीची तयारी

कागद, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. बाणांची आकृती तीन-चारदा खोडावी लागते, आणि संगणकावर सुबक काढलेली आकृती मोडायला हात धजावत नाही.

मोजमापं हाताशी असतील तर त्या सगळ्यांवर एकाच घड्याळाची वेळ हवी. एका कॅमेऱ्याची नोंद दुसऱ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे असेल, तर पुढच्या सगळ्या चाचण्या फुकट जातील.

हिशेबासाठी आर किंवा पायथॉन यांपैकी एक प्रोग्रॅमिंग भाषा पुरते. हत्यार मुख्यतः एकच लागतं, ते म्हणजे आंशिक सहसंबंध: मधल्या चलाचा परिणाम काढून टाकल्यावर दोन टोकांमध्ये उरलेलं नातं. मधलं चल एकच असेल तर तो हातानेही काढता येतो. दोन टोकांमधल्या सहसंबंधातून, मधल्याशी असलेल्या दोन सहसंबंधांचा गुणाकार वजा करा. मग त्या दोन मधल्या सहसंबंधांचे वर्ग एकेकदा १ मधून वजा करा, आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने पहिल्या वजाबाकीला भागा.

खरा विदा (डेटा) हातात घेण्याआधी हे हत्यार खेळण्यातल्या उदाहरणावर चालवून पाहा. गावाची वेस डोळ्यांसमोर आणा. 'बाहेर' ही शून्य सरासरीची, १ व्हेरियन्सची (विखुरण्याच्या मापाची) यादृच्छिक संख्या. 'वेस' म्हणजे बाहेर अधिक स्वतःचा १ व्हेरियन्सचा नॉईज. 'आत' म्हणजे वेस अधिक आणखी १ व्हेरियन्सचा नॉईज. बाहेर आणि वेस यांचा सहसंबंध ०.७०७ येतो, वेस आणि आत यांचा ०.८१६, बाहेर आणि आत यांचा ०.५७७. बाहेर आणि आत यांचं नातं चांगलंच घट्ट दिसतं. पण ०.७०७ गुणिले ०.८१६ म्हणजेही ०.५७७. वजाबाकी शून्य. वेस माहीत असली की बाहेरची बातमी आतल्याबद्दल काहीही नवीन सांगत नाही.

तपासा: तुमच्या प्रोग्रॅमने या उदाहरणावर शून्याच्या अगदी जवळचं उत्तर दिलं का? नसेल तर इथेच थांबा आणि प्रोग्रॅम दुरुस्त करा.

शब्दाचा एक घोळही आत्ताच मिटवून टाका. संगणकशास्त्रज्ञ जुडिया पर्ल यांनी १९८८ मध्ये मांडलेलं ब्लँकेट आकृतीतल्या चलांबद्दल आहे, तो तुमच्या मॉडेलचा गुणधर्म. मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांनी २०१३ मध्ये तीच कल्पना सजीव आणि परिसर यांच्या प्रत्यक्ष सीमेसाठी वापरली, तो जगाबद्दलचा दावा आहे. पहिलं मिळालं म्हणून दुसरं सिद्ध होत नाही. खालचे पहिले चार टप्पे पहिल्या अर्थाचं ब्लँकेट मिळवून देतात. दुसऱ्याबद्दल बोलण्याचा हक्क त्यानंतरच्या टप्प्यांनी मिळतो, आणि तोही मर्यादित.

## टप्पा १: काळाचं माप ठरवा

ई. कोलाय साधारण एक सेकंद सरळ पोहतो, मग सेकंदाचा दहावा भाग कोलांटी घेतो आणि नव्या दिशेने निघतो. त्याच्या रिसेप्टरांवर, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांवर, मेथिल गट (छोटे रासायनिक गट) चढणं-उतरणं काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत चालतं. ३७ अंशांना, भरपूर अन्नात, सुमारे २० मिनिटांत त्याची एकाची दोन होतात.

या तिन्ही मापांवर सीमा वेगळी निघते. सेकंदाच्या मापावर रिसेप्टरांची संख्या स्थिर धरता येते. २० मिनिटांच्या मापावर ती संख्याच बदलते, आणि मघाशी पाण्यात असलेलं अस्पार्टेट आता जिवाणूच्या प्रथिनांत बसलेलं असतं. जे बाहेरचं होतं ते आतलं झालं. म्हणून 'जिवाणूचं ब्लँकेट कोणतं' हा प्रश्न अपुरा आहे. असं लिहा: 'दहाव्या भाग सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंत, पोहण्याच्या दिशेचा निर्णय घेणाऱ्या साखळीचं ब्लँकेट कोणतं?' हे वाक्य कागदाच्या माथ्यावर राहू द्या.

## टप्पा २: चलांची यादी करा

यादीत वस्तू लिहू नका, मोजमापं लिहा. 'टार रिसेप्टर' (अस्पार्टेट ओळखणारा रिसेप्टर) हे चल नव्हे. 'टारच्या किती टक्के जागा अस्पार्टेटने भरल्या आहेत' हे चल. 'कशाभिका' (पोहायची शेपटी, जी बुडाशी असलेली मोटर फिरवते) हे चल नव्हे. 'मोटर या क्षणी घड्याळाच्या दिशेने फिरते की उलट' हे चल. ही चूक वरवर व्याकरणाची वाटते, पण 'रिसेप्टर' एवढंच लिहिणारा पुढे त्याच्या भरलेल्या जागा आणि त्याची सक्रियता ही दोन चलं एकात कालवतो, आणि पाचव्या टप्प्यावर अडकतो.

आपली यादी अशी:

१. पाण्यातला अस्पार्टेटचा चढ, म्हणजे कोणत्या दिशेला संहती (पाण्यातलं त्याचं प्रमाण) वाढते.
२. जिवाणू आहे त्या जागची संहती.
३. टारच्या भरलेल्या जागा.
४. रिसेप्टरांना जोडलेल्या की-ए (CheA) या एन्झाइमची सक्रियता.
५. फॉस्फेट लागलेल्या की-वाय (CheY) या प्रथिनाचं प्रमाण.
६. रिसेप्टरांवरच्या मेथिल गटांची पातळी.
७. मोटरची दिशा.
८. जिवाणूची जागा आणि तोंड कुणीकडे आहे ते.
९. पाण्याचा प्रवाह आणि रेणूंचे धक्के.
१०. मोटरवरचा भार.
११. तापमान.

प्रत्येकापुढे एकक, मोजायची पद्धत आणि किती वेगाने मोजता येतं ते लिहा. जे मोजता येत नाही त्यापुढे ठळक फुली मारा, पण यादीतून काढू नका. न मोजलेलं चल कागदावरून गेलं तरी जिवाणूतून जात नाही.

## टप्पा ३: बाण काढा, आणि काळ उलगडून काढा

बाणाचा अर्थ एकच: बाकी सगळं तसंच ठेवून हे हलवलं तर ते थेट हलतं. नुसतं दोन गोष्टी बरोबर हलताना दिसल्या म्हणून बाण काढू नका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, एवढ्यावर बाण ठरत नाही.

आपल्या जिवाणूत बाण असे जातात. जागची संहती टारच्या जागा भरते. भरलेल्या जागा की-एची सक्रियता खाली आणतात. की-ए कमी सक्रिय झालं की की-वायला फॉस्फेट कमी लागतो. फॉस्फेट लागलेलं की-वाय मोटरला चिकटतं तेव्हा ती घड्याळाच्या दिशेने फिरण्याची शक्यता वाढते आणि जिवाणू कोलांटी घेतो. ते कमी असलं की मोटर उलट दिशेने फिरत राहते, कशाभिकांची जुडी बांधलेली राहते आणि पोहणं सरळ चालतं. मोटरची दिशा जागा बदलते, जागा बदलली की जागची संहती बदलते, आणि फेरा पूर्ण होतो.

फेरा असल्यामुळेच काळ उलगडावा लागतो. तीच चलं दोन रांगांत लिहा, डावीकडे 'आत्ता', उजवीकडे 'पुढच्या क्षणी'. बाण फक्त डावीकडून उजवीकडे न्या. बाणांच्या ज्या आकृतीवर पुढच्या टप्प्याचा नियम लागू होतो तिच्यात फेरा चालत नाही. वर्तुळात काढलेल्या आकृतीवर तो लावून काढलेलं ब्लँकेट चुकीचं असतं, दिसायला कितीही योग्य वाटलं तरी.

मेथिल गटांचे बाण विसरू नका. की-एची सक्रियता पुढच्या क्षणीची मेथिल पातळी ठरवते, आणि मेथिल पातळी पुढच्या क्षणीची सक्रियता. ही जिवाणूची आठवण आहे. थोड्या वेळापूर्वी किती अस्पार्टेट होतं याची आत्ताशी तुलना तो हिच्या आधारे करतो. माझ्या मते या साखळीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि चाचण्यांत सगळ्यात जास्त लोक हिच्यामुळेच फसतात.

तपासा: 'तापमान' कुठे कुठे बाण टाकतं? उत्तर आहे, जवळजवळ सगळीकडे. ते टारच्या वाटेने आत येण्याची वाट पाहत नाही, एन्झाइमांचा वेग थेट बदलतं. तापमान बदलतं ठेवलंत तर कोणत्याही पटलाला त्याच्यासाठी ब्लँकेट म्हणता येणार नाही.

## टप्पा ४: आतला संच निवडा आणि नियम लावा

'आत' काय ते तुम्ही ठरवायचं. आपण की-एची सक्रियता, की-वाय आणि मेथिल पातळी आत धरू. आता नियम. आतल्या चलांचे पालक घ्या, म्हणजे ज्यांच्यापासून बाण आत येतात. त्यांची अपत्यं घ्या, म्हणजे जिथे बाण जातात. आणि त्या अपत्यांचे दुसरे पालक घ्या. या तिघांतलं जे आधीच आत नाही ते सगळं मिळून ब्लँकेट.

पहिले दोन कुणी विसरत नाही. तिसरा, सहपालक, हटकून राहतो. तो का लागतो हे आकड्यात पाहा. समजा 'आत' आणि 'बाहेर' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, सहसंबंध शून्य. दोघांची बेरीज अधिक तेवढाच नॉईज असं एक अपत्य आहे, तिघांचा व्हेरियन्स प्रत्येकी १. आता अपत्याची किंमत धरून आंशिक सहसंबंध काढा. उत्तर उणे ०.५ येतं. काहीही नातं नसलेल्या दोघांत, केवळ सामाईक अपत्य धरल्यामुळे, घट्ट उलटं नातं उभं राहिलं. सहपालकही ब्लँकेटमध्ये घेतला तरच हे खोटं नातं जातं.

आता हे जिवाणूला लावा. आळस करून मोटर गाळली आणि की-वायपासून थेट 'जागे'वर बाण काढला, तर जागा हे की-वायचं अपत्य होतं. जागेचे दुसरे पालक कोण? प्रवाह आणि रेणूंचे धक्के. म्हणजे सगळी नदी ब्लँकेटमध्ये आली! मोटर आकृतीत ठेवली तर अपत्य म्हणजे मोटरची दिशा, आणि प्रवाह बाहेरच राहतो. पण मोटरलाही दुसरा पालक आहे: भार. मोटरच्या बुडाशी किती स्टेटर प्रथिनं कामाला लागतात ते तिच्यावरच्या भाराप्रमाणे बदलतं, आणि दिशा पालटण्यावरही त्याचा परिणाम होतो. पाणी घट्ट झालं की भार वाढतो. म्हणून 'मोटरवरचा भार' ब्लँकेटमध्ये लिहावा लागतो, जरी तो पटलाच्या बाहेरून येत असला तरी.

म्हणजे कागदावर आत्ताचं ब्लँकेट आहे: टारच्या भरलेल्या जागा, मोटरची दिशा, मोटरवरचा भार, आणि तापमान. तापमानाला आपण प्रयोगात स्थिर ठेवून बाजूला करू.

जिवाणूची स्वतःची जागा मात्र 'बाहेर' पडली. जिवाणू कुठे आहे हे जिवाणूच्या आत नाही. याने दचकू नका. पोटातलं अन्न शरीराच्या आत असूनही आतड्याच्या पेशींच्या दृष्टीने बाहेरचंच असतं, आणि पानाच्या पोकळ्यांतली हवा पानाच्या सालीच्या आत असूनही पानातल्या पेशींच्या बाहेर असते. इथली सीमा कुठे आहे यावर ठरत नाही, कशामार्फत काय हलतं यावर ठरते.

## टप्पा ५: ब्लँकेटचे दोन भाग करा

बाहेरचं ज्यांना हलवतं आणि जी आतल्याला हलवतात ती संवेदी चलं. आतलं ज्यांना हलवतं आणि जी बाहेरच्याला हलवतात ती कृती-चलं. टारच्या भरलेल्या जागा पहिल्या रांगेत, मोटरची दिशा दुसऱ्या रांगेत. भार संवेदी बाजूला पडत नाही आणि कृती बाजूलाही नाही. त्याला जबरदस्तीने कुठे बसवू नका, वेगळा लिहा.

दुसऱ्या टप्प्यावर सांगितलेला अडथळा इथे येतो. 'टारची सक्रियता' हे संवेदी चल धरलं तर मेथिल पातळी, जी आतली आहे, तिला थेट हलवते, आणि विभागणी मोडते. 'भरलेल्या जागा' धरल्या तर हा बाण खूपच अशक्त होतो. पूर्ण जात नाही, कारण रिसेप्टरचा आकार आणि त्याची पकड एकमेकांत गुंतलेली आहेत. तो तुटक रेघेने काढा आणि सातव्या टप्प्यासाठी लक्षात ठेवा. संवेदी चल निवडताना नेहमी शक्य तितकं बाहेरच्या टोकाचं निवडा.

## टप्पा ६: विदा गोळा करण्याआधी भाकितं लिहा आणि आडवाटा बंद करा

दोन वाक्यं लिहून, तारीख टाकून ठेवा.

पहिलं, आत येणारं: आत्ताची आतली चलं आणि भरलेल्या जागा माहीत असतील, तर पुढच्या क्षणीच्या आतल्या चलांबद्दल आत्ताची बाहेरची संहती काही नवीन सांगणार नाही.

दुसरं, बाहेर जाणारं: आत्ताची बाहेरची चलं आणि मोटरची दिशा माहीत असेल, तर पुढच्या क्षणीच्या जागेबद्दल की-वाय काही नवीन सांगणार नाही.

आधी लिहिण्याचं कारण साधं आहे. निकाल पाहून सीमा सरकवण्याचा मोह फार मोठा असतो, आणि चल सरकवत गेलं की कुठलं ना कुठलं ब्लँकेट सापडतंच.

आता आडवाटा. साधं अस्पार्टेट वापरलं तर जिवाणू त्याचा वासही घेतो आणि ते खातोही. खाल्लेलं अस्पार्टेट टारला वळसा घालून आत पोहोचतं. म्हणून प्रयोगशाळेत मेथिल-अस्पार्टेट वापरतात. टारला ते कळतं, पण जिवाणूला ते पचवता येत नाही. वळशाची वाट बंद. ग्लुकोज घेतलंत तर आणखी एक वाट उघडते, कारण ग्लुकोज आत ओढून घेणारी यंत्रणाच की-एला खबर देते. मग त्या यंत्रणेची चलंही ब्लँकेटमध्ये घ्यावी लागतील. बेन्झोएटसारखी सौम्य आम्लं तर पटलातून पार होऊन आतली आम्लता बदलतात. ती नमुन्यात असतील तर 'पटल म्हणजे ब्लँकेट' हे तिथेच खोटं ठरतं.

पहिल्या भाकितासाठी जिवाणूचा फेरा तोडा. एक कशाभिका काचेला चिकटवली की मोटर फिरताना सगळा जिवाणूच गरगरतो, आणि दिशा नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसते. तो आता कुठे जाऊ शकत नाही, संहती तुम्ही नळीतून हवी तशी बदलता. की-वाय आणि की-झेड (CheZ) या प्रथिनांना दोन रंगांचे चमकणारे टॅग लावून, फ्रेट पद्धतीने (टॅग एकमेकांजवळ आले की चमक बदलते), की-एची सक्रियता सेकंदागणिक वाचता येते.

इशारा: फेरा तोडलेल्या प्रयोगातून दुसरं भाकीत तपासता येत नाही, कारण कृतीकडून बाहेर जाणारा बाण तुम्हीच कापलेला असतो. शिवाय चिकटवलेल्या जिवाणूच्या मोटरवरचा भार पोहणाऱ्यापेक्षा खूप जास्त असतो. दुसऱ्या भाकितासाठी मोकळे पोहणारे जिवाणू घ्या, आणि जोडीला की-वाय नसलेला उत्परिवर्तित वाण. तो नुसता सरळ पोहत राहतो. आतली खबर बाहेर जायला की-वाय आणि मोटर हीच वाट असेल, तर या वाणात की-ए कितीही वरखाली केलं तरी पोहण्याचा कल बदलता कामा नये.

## टप्पा ७: चाचणी

इथे बहुतेकांना 'गळती' सापडते, म्हणजे आंशिक सहसंबंध शून्य येत नाही. लगेच सिद्धांत मोडला असं लिहू नका. साप साप म्हणून भुई धोपटण्याआधी पुढची चार कारणं याच क्रमाने तपासा.

क्षण चुकला. सगळी चलं एकाच क्षणाची घेतली हा सर्वात मोठा घोटाळा. खेळण्यातल्या उदाहरणात 'बाहेर'ला थोडी आठवण द्या, प्रत्येक क्षण मागच्याशी ०.९ ने बांधलेला. वेस एक क्षण मागचं बाहेर वाचते, आत एक क्षण मागची वेस वाचतं. एकाच क्षणाच्या तिन्ही किमती घेऊन आंशिक सहसंबंध काढा: ०.३३ येतो. एक क्षण मागची वेस घेऊन काढा: शून्य. वाट तीच, विदाही तोच, फक्त बरोबर क्षण धरला. ज्या लेखांत स्थिर स्थितीतल्या एकाच क्षणाच्या विदावरून ब्लँकेट 'सापडतं' किंवा 'मोडतं' ते वाचताना हे आधी बघा. बाण विरळ आहेत म्हणून एकाच क्षणाच्या किमतीही सशर्त स्वतंत्र असतील, असं होत नाही.

वेस नीट मोजली नाही. पुन्हा पहिलं उदाहरण घ्या, पण वेस मोजताना उपकरणाचा १ व्हेरियन्सचा नॉईज घाला. ०.५७७, ०.६६७ आणि ०.५७७ हे सहसंबंध मिळतात, आणि आंशिक सहसंबंध ०.३२ येतो. गळती नाही, उपकरण मळकट आहे. म्हणून ब्लँकेटची चलं सगळ्यात काळजीपूर्वक मोजा. आतल्या-बाहेरच्यांत थोडा नॉईज चालून जातो, वेशीवर चालत नाही.

आठवण राहिली. मेथिल पातळी मोजली नसेल, तर काही सेकंदांपूर्वीची संहती पुढच्या सक्रियतेबद्दल नवीन सांगते असं हमखास दिसेल. ती मेथिल गटांमार्फत आधीच आत आलेली जुनी बातमी आहे. उपाय: भरलेल्या जागांच्या फक्त आत्ताच्या नव्हे, तर आठवणीच्या लांबीएवढ्या मागच्या किमतीही शर्तीत (माहीत धरलेल्या चलांत) घ्या. गळती गेली तर ती आठवणच होती.

नातं सरळ रेषेत नाही. की-वाय आणि मोटरची दिशा यांचं नातं भयंकर उभं आहे, हिलचा गुणांक (नातं किती उभं आहे त्याचं माप) सुमारे १० भरतो. मोटरच्या दोनच स्थिती आहेत. अशा ठिकाणी आंशिक सहसंबंध दिशाभूल करतो. लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा सशर्त परस्पर-माहिती वापरा.

चारही पुसून काढल्यावर उरली ती गळती खरी. मग नवी वाट शोधा, तिचं चल ब्लँकेटमध्ये घ्या आणि तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. पाचव्या टप्प्यावरचा तुटक बाण आधी पाहा.

उलट बाजूची चूक जास्त धोक्याची आहे: शून्य आलं म्हणून खूश होणं. १०० स्वतंत्र वाचनं आणि शर्तीत एक चल असेल, तर आंशिक सहसंबंधातली प्रमाण त्रुटी सुमारे ०.१ असते. म्हणजे ०.२ पर्यंतची गळती तुम्हाला शून्यापासून वेगळी ओळखता येत नाही. आणि जिवंत वस्तूची वाचनं स्वतंत्र नसतात. दोन्ही मालिका मागच्या क्षणाशी ०.९ ने बांधलेल्या असतील, तर १००० वाचनांचं वजन साधारण १०५ स्वतंत्र वाचनांएवढंच भरतं. वाचनं मोजून त्रुटी काढू नका. शर्तीतल्या चलांचा परिणाम काढून उरलेल्या दोन मालिकांपैकी एक पुढे सरकवत जा, शेकडो वेळा, आणि अशा योगायोगाच्या नात्यांत तुमचा आकडा कुठे बसतो ते पाहा.

तपासा: चाचणीला गळती पकडता येते का? संगणकावर अशीच साखळी बनवा, तिच्यात बाहेरून आत थेट एक छोटा बाण मुद्दाम ठेवा, आणि खऱ्या प्रयोगाएवढीच वाचनं घेऊन चाचणी चालवा. तो बाण पकडला नाही, तर खऱ्या विदावर आलेल्या शून्याला काही अर्थ नाही.

## टप्पा ८: निकाल कसा लिहायचा

'ई. कोलायचं मार्कोव्ह ब्लँकेट सापडलं' असं लिहू नका. असं लिहा: 'मेथिल-अस्पार्टेट, स्थिर तापमान, काचेला चिकटवलेले जिवाणू, एक ते दहा सेकंदांचं माप. या परिस्थितीत टारच्या भरलेल्या जागा आणि त्यांचा इतका इतका इतिहास धरला असता, संहती आणि की-एची पुढची सक्रियता यांत अमुक आकड्यापेक्षा मोठं नातं उरलं नाही.' अमुकच्या जागी तुमच्या चाचणीला पकडता आलेली सर्वात लहान गळती घाला.

सीमा सापडली म्हणून आतल्या संचाला लगेच 'जाणतं' किंवा 'अंदाज बांधणारं' म्हणू नका. हाच नियम दगडालाही लावता येतो, त्यालाही ब्लँकेट मिळतं. जिवाणूचं वेगळेपण दाखवायचं तर मेथिल गटांची आठवण आणि परत जागेपर्यंत जाणारा कृतीचा बाण हे वेगळे मोजून दाखवावे लागतात, ब्लँकेटमध्ये ते फुकट मिळत नाहीत.

निकालासोबत तीन कागद जोडा: विदा गोळा करण्याआधी लिहिलेली दोन भाकितं तारखेसह, खोडाखोड झालेली बाणांची पहिली आकृती, आणि शेवटची. पहिल्या आणि शेवटच्या आकृतीत कोणता बाण कोणत्या चाचणीमुळे बदलला ते प्रत्येक बाणाशेजारी एका ओळीत लिहा. वाचणारा सगळ्यात आधी तेच बघेल.